हे वेगळं आहे, म्हणजे नेमकं काय वेगळं आहे?

गेल्या महिन्यात एक मैत्रीण घरी आली. डिझाइन शिकवते, वाचते, चळवळीतल्या माणसांत तिची ऊठबस आहे. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एक काळा कोट. कोटाचं अस्तर बगलेत उसवलं होतं. पुण्यातल्या दोन बुटीकवाल्यांनी ‘एवढ्या महागड्या मालाला आम्ही हात लावणार नाही’ म्हणून तिला परत पाठवलं होतं. माझी अम्मी चाळीस वर्षं शिवणकाम करते, हे तिला ठाऊक होतं.

अम्मीनं कोट उलटा केला. शिवण बोटांनी चाचपली, मुंढा पाहिला, अस्तराची तुरपाई पाहिली. मग सुलटा करून खांद्यांना धरून समोर उभा धरला. घोट्यापर्यंत लांब. कमरेला कुठंच आकार नाही. बाह्या बोटांच्याही खाली जाणाऱ्या. घेर इतका की आत आणखी एक बाई मावेल. अम्मी म्हणाली, “ये तो बुरखाच है की बेटा. बस नकाब नै.”

मैत्रीण हसली. “नाही हो काकू, हे वेगळं आहे. हा योजी यामामोतोचा आहे.”

“कितने को लिया?”

तिनं आकडा सांगितला. वापरलेला, जपानहून मागवलेला, कस्टम ड्यूटी धरून ६४ हजार. अम्मी काही बोलली नाही. व्यापारी तिला एका बुरख्यामागं ११० रुपये शिलाई देतो. तिनं मनात काय हिशेब केला ते तिलाच माहीत.

मी मात्र त्या ‘हे वेगळं आहे’पाशी अडकलो. मैत्रिणीच्या मनात खोट नाही, ती कुणाचा द्वेष करत नाही. म्हणूनच हे शब्द तपासून पाहायला हवेत. उघड द्वेषाला उत्तर देणं सोपं असतं. सभ्य माणसं जे सहज बोलून जातात, त्याची झडती कोणी घ्यायची?

आधी ज्यांना हे नाव परकं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. योजी यामामोतो आणि रेई कावाकुबो हे टोकियोचे दोन डिझायनर. कावाकुबोबाईंच्या लेबलचं नाव ‘कॉम दे गार्सों’. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘मुलांसारखं’. त्यांनी हे लेबल १९६९मध्ये सुरू केलं. दोघांनी १९८१मध्ये पॅरिसला पहिल्यांदा कपडे दाखवले. तेव्हा तिथं रुंद खांदे, आवळलेली कंबर आणि झगमगीत रंग यांची चलती होती. स्त्रीचं शरीर जितकं कोरून दाखवाल तितका डिझायनर मोठा, असा तो काळ. अशा मंचावर या दोघांनी काळे, ढगळ, वेडेवाकडे, कुठं शिवण उघडी तर कुठं कड न दुमडलेले कपडे आणले. कावाकुबोंनी १९८२ला भोकं पडलेला स्वेटर दाखवला. ही भोकं कात्रीनं पाडलेली नव्हती. विणकामाच्या यंत्राचे स्क्रू सैल करून कापडच सदोष विणून घेतलं होतं.

युरोपच्या प्रेसनं काय केलं? ‘हिरोशिमा शिक’ असं नाव ठेवलं. अणुबॉम्बनंतरचे कपडे, चिंध्या, भिकाऱ्यांचा वेश, अशी शेलकी विशेषणं लावली. ज्या देशावर ३६ वर्षांपूर्वी बॉम्ब पडला होता, त्या देशाच्या माणसांना पॅरिसमध्ये बसून हे म्हणण्यात कुणाला काही वाटलं नाही. खुद्द जपानमध्येही या लेबलांचे काळे कपडे घालणाऱ्या तरुणींना ‘कारासु-झोकू’ म्हणत. म्हणजे कावळ्यांची टोळी.

कावळा! हा शब्द आमच्या घराला नवा नाही. माझी आपा बुरखा घालून कॉलेजला जायची तेव्हा बसस्टॉपवरची पोरं ‘काव काव’ करायची. टोकियोतल्या त्या तरुणींच्या बाबतीत या शब्दाचं पुढं कौतुकात रूपांतर झालं. आज फॅशनच्या इतिहासात कावळ्यांची टोळी म्हणजे बंडखोर, स्वतंत्र बाया. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ला कावाकुबोंच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. हयात असताना असा एकट्याचा मान तिथं त्यांच्याआधी फक्त इव सां लोराँ यांना, १९८३मध्ये मिळाला होता. आपाच्या बसस्टॉपवर मात्र अजून काव कावच चालू आहे.

कापड तेच

आता कोटाकडं येऊ. यामामोतोची ओळख म्हणजे काळं लोरीचं नव्हे, लोकरीचं गॅबर्डीन. घट्ट विणीचं, वजनदार आणि खांद्यावरून सरळ खाली पडणारं कापड. अंगाला चिकटत नाही. चालताना वारा आत शिरतो आणि कपडा अंगापासून सुटून हलतो. या शिवणकामाचं गणित कमरेवर नाही, खांद्यावर असतं. कपडा खांद्यावर टांगायचा आणि बाकी कापडाच्या वजनावर सोडायचं.

अम्मीला हे सांगायची गरज पडली नाही. बुरखाही असाच बेततात. तिच्याकडं येणाऱ्या कापडाला बाजारात ‘निदा’ म्हणतात. दुकानदार कोरियन निदा, जपानी निदा असे प्रकार सांगतो आणि जपानी म्हटलं की भाव वाढवतो. यात फक्त दुकानदारी नाही. आखाती देशांतल्या अबायांसाठी लागणारं उत्तम काळं पॉलिएस्टर आणि पुरुषांच्या थोबसाठीचं पांढरं कापड जपानी गिरण्या कित्येक दशकांपासून पुरवत आल्या आहेत. न विटणारा, उन्हात लालसर न दिसणारा खोल काळा रंग कसा उतरवायचा, यात त्यांचा हातखंडा. म्हणजे ज्या देशानं पॅरिसच्या रॅम्पला काळा रंग दिला, त्याच देशानं जेद्दा आणि दुबईच्या बायांनाही काळा रंग दिला. एकाचं नाव ‘अवाँ-गार्द’, दुसऱ्याचं ‘मागासलेपण’.

कुणी म्हणेल, कलाकाराचा हेतू वेगळा असतो. बरं, हेतू पाहू. यामामोतोंनी अनेकदा सांगितलंय की त्यांना बाईच्या शरीराचं रक्षण करायचंय, पुरुषांच्या नजरेपासून असेल किंवा गार वाऱ्यापासून. हे वाक्य एखाद्या मौलवीच्या तोंडी घालून बघा. टीव्हीवर संध्याकाळी चर्चा लागेल. यामामोतोंच्या तोंडी ते आलं की त्यात कविता दिसते.

मी मौलवीची वकिली करत नाही. दोघंही पुरुष आहेत आणि बाईचं शरीर कुणापासून वाचवायचं हे दोघंही आपापल्या परीनं ठरवतायत. फरक इतकाच की एकाची आई युद्धात विधवा झाली. तिनं टोकियोत शिवणकाम करून पोराला कायदा शिकवला आणि पोरगा वकिली सोडून तिच्या दुकानात कात्री धरायला आला. शिवणाऱ्या आईचा मुलगा म्हणून मला तो माणूस जवळचा वाटतो. पण जवळचा वाटतो म्हणून त्याला सूट आणि मौलवीला फाशी, हा न्याय नव्हे.

खरेदी कशाची होते?

मैत्रिणीनं मला या खरेदीचं शास्त्र समजावलं. ते रंजक आहे. नवा कोट लाखाच्या पुढं जातो, म्हणून ही मंडळी जपानच्या जुन्या कपड्यांच्या साइट धुंडाळतात. तिथले विक्रेते बहुतेक वेळा भारतात माल पाठवत नाहीत. मग मधला एजंट शोधायचा. तो जपानमध्ये माल घेतो, पॅक करतो, पाठवतो. एजंटचं कमिशन, कुरिअर, वर कस्टम. साइजच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. खांदा, छाती, बाही आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते, ती आपल्या अंगात बसणाऱ्या कपड्याशी ताडून पाहायची. कॉम दे गार्सोंच्या लेबलवर ‘एडी’ आणि पुढं साल छापलेलं असतं, त्यावरून कोणत्या वर्षाचा माल ते कळतं. लोकरीला कसर लागली आहे का, काळा रंग कॉलरपाशी विटलाय का, अस्तर शाबूत आहे का, हे फोटोत पाहायचं. नवशिके मात्र डोळे असलेल्या लाल बदामाच्या टी-शर्टवर थांबतात. तो कॉम दे गार्सोंच्याच ‘प्ले’ नावाच्या शाखेचा. त्याची नक्कल मी मोहम्मद अली रोडवर हातगाडीवर अडीचशेला पाहिली आहे.

नंतर स्टायलिंग. काळ्यावर काळंच घालायचं, पण पोत वेगवेगळे हवेत. सुतीवर लोकर, लोकरीवर रेयॉन. एकावर एक थर द्यायचे. वरचा आखूड, आतला लांब. बटणं अर्धी उघडी. बाही दुमडायची नाही, लोंबू द्यायची. माप एक नंबर मोठं. शरीराचा आकार दिसला की फसलं.

मी ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. थर कसे द्यावेत, काळ्यातले पाच काळे कसे ओळखावेत, ओढणीची कड किती दिसू द्यावी, हे आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना कुणी शिकवलेलं नाही. शुक्रवारच्या बाजारात उभं राहून बघा. कुणाच्या अबायाची बाही घंटीसारखी, कुणाच्या कडेला काळ्यावर काळं भरतकाम, कुणी खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेले. तीही स्टायलिंगच आहे. फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. लोकांना तिथं एकच गोष्ट दिसते, ‘बुरखेवाल्या’. बहुवचनात.

माझं म्हणणं इथं आहे. स्टायलिंग म्हणजे कपड्यांची जुळवाजुळव नव्हे. स्टायलिंग म्हणजे माझ्या कपड्याचा अर्थ मी सांगेन, हा हक्क. मैत्रीण काळ्या कोटात हॉलमध्ये शिरते तेव्हा लोक तिला विचारतात, ‘वा, कुठून घेतला? यामागं काय विचार आहे?’ तिच्या उत्तराची वाट पाहतात. आपा काळ्या अबायात शिरते तेव्हा कुणी विचारत नाही. उत्तर आधीच तयार असतं. नवऱ्यानं घालायला लावलं असेल, अशिक्षित असेल, कट्टर असेल. माझी आपा एम.एस्सी. आहे हे सांगायची संधीसुद्धा तिला मिळत नाही. त्या ६४ हजारांत कोट स्वस्तच पडला. खरी किंमत त्या हक्काची आहे.

पॅरिस ते चेंबूर

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. ज्या पॅरिसनं यामामोतो आणि कावाकुबोंना आधी हिणवलं आणि मग डोक्यावर घेतलं, त्याच पॅरिसच्या सरकारनं ऑगस्ट २०२३मध्ये शाळांत अबाया बंद केली. २००४च्या कायद्यानं शाळेत धार्मिक चिन्हांवर बंदी आहेच. आता लांब, ढगळ झगाही त्यात आला. फ्रान्समधल्या मुस्लिमांच्या परिषदेनं सांगितलं की अबाया हे धर्माचं चिन्ह नाही. कुणी ऐकलं नाही. मग प्रश्न आला, लांब झगा आणि अबाया यांतला फरक मुख्याध्यापकांनी ओळखायचा कसा? कापडावरून तर ओळखता येत नाही. मग घालणारीवरूनच ओळखायचा!

शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात लियाँमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीला परत पाठवल्याची बातमी आली. तिनं जीन्स आणि टी-शर्टवर किमोनो घातला होता. किमोनो! जपानी कपडा! वकिलामार्फत तिनं थेट संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार नेली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच देशाच्या राजधानीत फॅशन वीक भरला. तिथं याच दोन जपानी लेबलांचे लांब, ढगळ कपडे जगानं टाळ्या वाजवून पाहिले. जपानी कपडा मॉडेलच्या अंगावर कला ठरला आणि शाळकरी मुसलमान मुलीच्या अंगावर प्रजासत्ताकाला धोका. यापुढं मी आणखी काय पुरावा देऊ?

फ्रान्स लांब वाटत असेल तर चेंबूरला या. तिथल्या एका महाविद्यालयानं हिजाब, बुरखा, टोपी, बॅजवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, जून २०२४मध्ये हरल्या. पाठोपाठ त्याच महाविद्यालयानं फाटक्या जीन्स आणि टी-शर्टही बंद केले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बॅजच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली आणि टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का, असा सवाल केला. माझं लक्ष त्या फाटक्या जीन्सकडं जातं. कावाकुबोंच्या स्वेटरची भोकं म्युझियममध्ये जातात, चेंबूरच्या पोरीच्या जीन्सची भोकं गेटवर अडतात. झाकलं तरी गुन्हा, उघडं ठेवलं तरी गुन्हा. म्हणजे झाकण्या-उघडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता ठरवायचं कुणी, याचा.

कपड्याचा अर्थ फक्त घालणाऱ्याच्या मनावर नसतो, हे मलाही मान्य आहे. जानेवारी १९९५मध्ये कावाकुबोंनी पॅरिसमध्ये पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. विषय होता झोप. पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे आणि त्यात डोकं भादरलेले मॉडेल. ऑश्वित्झच्या मुक्ततेला ५० वर्षं होत होती, त्याच दिवसांत. ज्यू संघटनांनी संताप व्यक्त केला, आणि तो रास्तच होता. कावाकुबोंनी तसा हेतू नव्हता असं सांगितलं आणि ते कपडे विक्रीतून मागं घेतले. गोष्ट संपली. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. एवढी मोठी चूक होऊनही त्यांना बोलू दिलं गेलं. त्यांचं स्पष्टीकरण ऐकलं गेलं. त्यानंतर २२ वर्षांनी म्युझियमनं त्यांना गौरवलं. लियाँच्या त्या मुलीनं तर चूकही केली नव्हती.

आता आपल्या घरात

हे वाचून आमच्यातले काही भाऊ खूश होतील. ‘बघा, जपानी डिझायनरसुद्धा अंग झाकायला सांगतो, परदा किती मॉडर्न आहे’ असा फॉरवर्ड तयार करतील. त्यांना विनंती आहे, थांबा.

मैत्रिणीच्या आणि आपाच्या काळ्यात एक खरा फरक आहे. तो कापडात नाही, किमतीतही नाही. मैत्रीण उद्या तो कोट विकून लाल साडी नेसली तर तिच्या घरात कुणी जेवण सोडणार नाही. आपाला सोळाव्या वर्षी बुरखा घातला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. अब्बांनी ठरवलं, अम्मीनं शिवला, मी तो धुलाईहून आणायचो. आज ती तो स्वतःच्या मर्जीनं घालते, असं सांगते. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. पण त्या सोळाव्या वर्षाचं उत्तर माझ्याकडं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये इराणात महसा अमिनी नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीला हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी धरलं आणि ती कोठडीतून जिवंत परतली नाही. तेव्हा तेहरानच्या रस्त्यावर ओढण्या जाळणाऱ्या मुली आणि लियाँची किमोनोवाली मुलगी एकच गोष्ट मागत होत्या. फ्रान्स काढायला लावतो, इराण घालायला लावतो. दोघांनाही मुलीला विचारायचं नाहीये.

कावाकुबोबाई नवऱ्याला काय वाटेल याची पर्वा नसलेल्या बाईसाठी कपडे करतात, असं म्हणतात. आमच्या भावांनी हा अर्थ आधी पचवावा, मग फॉरवर्ड पाठवावा.

आणि मैत्रिणीला सांगायचं ते एवढंच. कोट घाल, हौसेनं घाल. मला त्याचा मत्सर नाही आणि तुझ्या पैशाचा हिशेबही मागायचा नाही. बेतणीत, कापडात, कल्पनेत तो थोर आहे, अम्मीनंही मान डोलावली. पण अम्मी म्हणाली ‘हा तर बुरखाच’, तेव्हा तुला दचकल्यासारखं का झालं? लगेच नकार का द्यावासा वाटला? तुझ्या लाडक्या डिझायनरांनी आयुष्यभर हेच तर शिकवलं की सुंदर-कुरूप, पुरुष-स्त्री, पूर्ण-अपूर्ण या रेघा खोट्या आहेत. सगळ्या रेघा पुसून झाल्यावर हीच एक रेघ तू एवढी जपून का ठेवलीस? पुढच्या वेळी बुरख्यातली बाई तुझ्या वर्गात आली तर तिला तोच प्रश्न विचार, जो लोक तुला विचारतात. यामागं काय विचार आहे? आणि उत्तर येईपर्यंत थांब. तिचं उत्तर तुला आवडेलच असं नाही. पण ते तिचं असेल.

अम्मीनं दोन दिवसांनी कोट शिवून दिला. अस्तराला आतून पट्टी लावून अशी तुरपाई केली की कुठं उसवलं होतं ते मैत्रिणीलाही सापडेना. मजुरी सांगितली दीडशे. मैत्रीण पाचशेची नोट देऊन निघाली, तर अम्मीनं साडेतीनशे रुपये तिच्या हातात परत ठेवले.

“राहू द्या ना काकू, एवढा महाग कोट तुम्ही सांभाळून शिवलात.”

“कपडा महँगा है बेटा,” अम्मी म्हणाली, “टाका तो वईच है.”